भोकं आधी, चित्र नंतर: हातानं बनवलेल्या आर्केड स्टिकसाठी थरांचं आर्टवर्क

आर्केड स्टिकचा, म्हणजे जॉयस्टिक आणि मोठी बटणं असलेल्या गेम कंट्रोलरचा, डबा सुतारकामात झकास जमतो आणि वरच्या चित्रात फसतो, हे नेहमीचंच. चित्र आधी पूर्ण रंगवायचं आणि बटणांची भोकं शेवटी त्यावर मांडायची, असा उलटा क्रम लागला की नायिकेच्या डोळ्यातून स्टार्टचं बटण उगवतं आणि किल्ल्याचा बुरूज नेमका तळहाताखाली जातो. थरांचं आर्टवर्क करायचं असेल, म्हणजे मागचं दृश्य कागदावर आणि पुढचा आकार त्यावर काही मिलिमीटर तरंगताना दिसावा असं, तर ही चूक दुप्पट महाग पडते. तिथे छपाई दोनदा आणि अ‍ॅक्रिलिक दोनदा कापलं जातं.

पुढचं सगळं एका ठरावीक डब्यासाठी लिहिलं आहे: वरचा पृष्ठभाग ४०० × २४० मिमी, डावीकडे सानवा कंपनीची जेएलएफ जॉयस्टिक, उजवीकडे ३० मिमीची आठ बटणं आणि मागच्या कडेला स्टार्ट-सिलेक्टची २४ मिमीची दोन. माप मुद्दाम असं घेतलं आहे. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे नंतर कापून टाकायचा जादा काठ, धरला तर छपाई ४०६ × २४६ मिमीची होते आणि डिजिटल प्रेसवर सर्रास मिळणाऱ्या १२ × १८ इंची कागदात, म्हणजे ३०५ × ४५७ मिमीत, मोकळेपणानं बसते. डबा ४६० मिमी लांब केलात की या कागदाबाहेर गेलात, मग १३ × १९ किंवा रोलवरची छपाई शोधा.

पॅनेलचा आराखडा

इंकस्केप हा रेखाटनाचा प्रोग्राम उघडा, कागदाचं माप मिलिमीटरमध्ये ४०६ × २४६ ठेवा आणि आत ३ मिमी सोडून डब्याची खरी कड आखा. सगळी मापं एकाच कोपऱ्यातून मोजा. या बटणापासून ते बटण, त्यापासून पुढचं, अशी साखळी लावली की अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक चौथ्या बटणापर्यंत दोनावर जाते.

प्रत्येक मोठ्या बटणासाठी एकाच केंद्रावर तीन वर्तुळं काढा, तिन्ही वेगळ्या लेयरवर:

३० मिमी – अ‍ॅक्रिलिक आणि प्लायमधलं भोक.
३१ मिमी – कागदातलं भोक. बटण बसवताना कागद चिमटू नये म्हणून थोडं मोठं.
३३ मिमी – बटणाची कड, म्हणजे डोळ्याला दिसणारा आकार.

तिसरं माप कॅलिपरनं आपल्याच बटणावर मोजून घ्या, कंपनीगणिक फरक पडतो. या तीन आकड्यांत तुमची सगळी सवलत दडलेली आहे: कागदाचं भोक ३१, झाकणारी कड ३३, म्हणजे चुकायला प्रत्येक बाजूला फक्त १ मिमी. त्यापलीकडे सरकलात की कडेबाहेर प्लायची पांढुरकी कोर डोकावणार.

जॉयस्टिकच्या दांड्यासाठी २४ मिमीचं भोक चालतं. त्याभोवती डस्ट वॉशरचं, म्हणजे दांड्यावर बसून भोक झाकणाऱ्या चकतीचं, वर्तुळही काढा. दांडा हलला की वॉशर सरकतो, म्हणून वर्तुळ वॉशरच्या मापापेक्षा बरंच मोठं धरा.

इंटरनेटवरून उतरवलेला तयार आराखडा वापरत असाल तर आधी एक भोक मोजा. इंकस्केपनं ०.९२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ९० ऐवजी ९६ पिक्सेलचा इंच धरायला सुरुवात केली. त्याआधीची जुनी फाइल (एसव्हीजी) नव्या इंकस्केपमध्ये चुकीच्या मापानं उघडली तर सगळं ९३.७५ टक्क्यांवर येतं आणि ३० मिमीचं भोक २८.१ मिमीचं होतं. पडद्यावर हे अजिबात कळत नाही. कळतं ते बटण अडकल्यावर.

आता एक लेयर 'हात' नावाचा. आराखडा साध्या कागदावर खऱ्या मापात छापा, मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यावर ठेवा, खेळतो तसे हात ठेवा आणि कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. फोटो फाइलमध्ये आणून हातांची बाह्यरेषा ओढून घ्या. हा लेयर छापायचा नाही, पण चित्र रचताना तो सतत चालू असू द्या.

चित्राला खरी जागा किती

बटणांच्या केंद्रांत आडवं ३६ मिमी अंतर धरलं तर चार स्तंभांची पट्टी ३ × ३६ + ३३ = १४१ मिमी रुंद होते. दोन ओळी आणि तिरकस मांडणी धरून उंची साधारण ८५ मिमी. आठ बटणं मिळून झाकतात जेमतेम ६८ चौरस सेंमी, ९६० चौरस सेंमीच्या पॅनेलचा फक्त सात टक्के भाग. पण डोळा तसा हिशेब करत नाही. दोन बटणांच्या मध्ये ३ मिमीच्या फटी उरतात आणि त्यांतून दिसणारं चित्र तुकड्यांचं असतं, म्हणून १४१ × ८५ चा तो सगळा चौकोन बारीक तपशिलासाठी मेलेला समजा. तिथे धुकं, आकाश, पाणी, हळूहळू बदलणारा रंग असलं काहीतरी असावं.

जिवंत जागा तीन: जॉयस्टिक आणि पहिल्या बटणाच्या मधला पट्टा, बटणांच्या वरचा मागच्या कडेपर्यंतचा भाग आणि उजवा मागचा कोपरा. पुढची ५० मिमी मनगटाखाली जाते. तिथे नाव लिहायची हौस बहुतेकांना असते. लिहा, फक्त ते डबा कपाटात उभा ठेवल्यावरच वाचलं जाईल.

थर कसे वाटायचे

उदाहरणादाखल सह्याद्रीचं दृश्य घेऊ. एकामागे एक डोंगररांगा, मागची फिकट, पुढची गडद, आणि अगदी जवळ बुरुजाची काळी कड. हे थरांसाठी बनल्यासारखंच आहे. यामागे छपाईचं एक व्यावहारिक कारणही आहे. पारदर्शक फिल्मवर साध्या प्रिंटरची शाई पारदर्शकच राहते, कारण पांढरी शाई नसते. पिवळा, त्वचेचा रंग, फिकट निळा हे मागच्या चित्रात विरघळून जातात. काळा आणि अगदी गडद रंग तेवढे टिकतात. म्हणून पुढचा थर काळ्या छायाकृतीचा ठेवला की फिल्मवर काम भागतं.

पुढच्या थरात रंगीत पात्र हवंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, अपारदर्शक व्हिनाइलवर (चिकट प्लास्टिक शीटवर) छापून कटिंग प्लॉटरवर, म्हणजे फाइलमधल्या रेषेवर पातं फिरवणाऱ्या यंत्रावर, बाह्यरेषेनं कापून घेणं. दुसरी, वरच्या अ‍ॅक्रिलिकच्या खालच्या बाजूनं यूव्ही छपाई (अतिनील प्रकाशानं शाई वाळवणारी). तिथे चित्र उलटं छापायचं, आधी रंग आणि त्यावर पांढरा, कारण पाहणारा अ‍ॅक्रिलिकमधून पाहतो आहे. हा क्रम दुकानदाराला तोंडी सांगू नका, फाइलवरच लिहा. नाहीतर पांढरा आधी पडतो आणि वरून नुसता दुधी आकार दिसतो.

खालून वर रचना अशी: ६ मिमी प्लाय, त्यावर कागद, २ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, फिल्म किंवा व्हिनाइल, पुन्हा २ मिमी अ‍ॅक्रिलिक. प्लायच्या वर ४ मिमी काच चढली असं समजा. दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. दाबली की खटकन बसणारी बटणं, सानवाची ओबीएसएफ-३० त्यातलीच, पातळ पॅनेलसाठी असतात. दीड मिमी पत्रा आणि एकच २ मिमी अ‍ॅक्रिलिक असेल तर ती पकड घेतात, या १० मिमीच्या थप्पीत नाही. इथे आटे आणि नट असलेली ओबीएसएन-३० लागतात. आट्यांची लांबी वजा नटची जाडी हे माप थप्पीपेक्षा जास्त आहे ना, ते विकत घेतानाच पाहा. दुसरं, जॉयस्टिकचा गोळा तितकाच खाली जातो. प्लायच्या खालच्या बाजूनं जॉयस्टिक ज्यावर बसते त्या प्लेटच्या मापाचा २ मिमी खोल खळगा कोरा. तरीही आखूड वाटला तर शाफ्ट एक्स्टेन्शन, म्हणजे दांडा लांबवणारा जोड, घ्या.

खोलीचा हिशेब गमतीचा आहे. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, त्यामुळे सरळ वरून पाहिल्यास २ मिमीचं अंतर १.३ मिमीच भासतं. पण मांडीवरच्या स्टिककडे कुणी सरळ वरून पाहत नाही. ४५ अंशांतून पाहताना दोन थरांमधलं चित्र एकमेकांसापेक्ष जवळजवळ १.१ मिमी सरकतं. खोली जाणवते ती याच सरकण्यामुळे, आणि नवशिक्याचं चित्र फाटतं तेही यामुळेच. म्हणून दोन नियम. पुढच्या आकाराखाली मागचं चित्र चालू ठेवा, भोक पाडल्यासारखं रिकामं सोडू नका. किमान २ मिमी आत जाऊ द्या, जमल्यास पूर्णच. आणि एकच रेषा दोन थरांत वाटू नका. धड कागदावर आणि हात फिल्मवर काढला तर खांदा निखळलेला दिसतो.

राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं (खडकातलं आरपार भोक) जॉयस्टिकच्या भोकाभोवती काढायचा मोह या दृश्यात होतोच. कल्पना छान आहे, पण डस्ट वॉशर नेमकं ते नेढंच झाकतो. खडकाचा कडा केंद्रापासून किमान ३० मिमी दूर ठेवा, तर तो वॉशरच्या बाहेर दिसेल.

फाइल

रंगकाम क्रिटा किंवा गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये करा. कॅनव्हास ४०६ × २४६ मिमी, ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), म्हणजे ४७९५ × २९०६ पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीचा वॉलपेपर यावर ताणला तर १२० डीपीआयच उरतात. धुक्याच्या पार्श्वभूमीला १५० चालून जातं, रेषेला आणि अक्षराला नाही.

लेयर खालून वर या क्रमानं: आकाश, लांबची रांग, मधली रांग, धुकं, जवळची छायाकृती, अक्षरं, त्यावर आराखड्याची वर्तुळं आणि सगळ्यांत वर 'हात'. जवळची छायाकृती वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवा, कारण ती वेगळी फाइल म्हणून बाहेर पडणार आहे. दोन्ही फाइलींचा कॅनव्हास एकच राहू द्या. छायाकृती कापून छोटी फाइल केली की तिचं स्थान हरवतं.

प्रत्येक रांगेच्या वरच्या कडेला मागच्या धुक्याची हलकी पट्टी द्या. रांगांमधला उजेड-अंधाराचा फरक पडद्यावर जरा भडक वाटेल इतका ठेवा. अ‍ॅक्रिलिक सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडतं, पण प्रकाश एकदा आत आणि एकदा बाहेर असा दोनदा जातो, दोन थर असतील तर नुकसान आणखी वाढतं, वर खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. सावलीतले बारकावे त्यात बुडतात. मधले टोन थोडे उचलून घ्या.

रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शाईंत, बदलून पाहिल्याशिवाय छपाईला देऊ नका. निऑन जांभळा आणि विजेसारखा निळा या शाईत नाहीतच, ते मळके होऊन येतात. मोठ्या काळ्या भागाला नुसता काळा १०० टक्के दिला तर तो करडा दिसतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा भरीव काळा घ्या. बारीक अक्षरं मात्र नुसत्या के १०० मध्ये, नाहीतर चार प्लेटा किंचित हलल्या की अक्षरांना रंगीत कडा येतात.

ब्लीडच्या भागात, जो पुढे कापून जाणार आहे तिथे, बरोबर १०० मिमी लांबीची रेघ छापायला ठेवा. या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी युक्ती हीच. दुकानातल्या प्रिंट खिडकीत 'फिट टू पेज' चालू राहिलं की चित्र गुपचूप ९७ टक्क्यांवर येतं. मधोमध जुळवलं तरी १५० मिमी लांबच्या बटणावर ४.५ मिमीची चूक, आणि आपली सवलत आहे १ मिमी. पैसे देण्याआधी पट्टी लावून रेघ मोजा.

लेझरवाल्याला डीएक्सएफ (लेझर यंत्राला वाचता येणारी रेषांची फाइल) द्या, एकक मिलिमीटर, त्यात फक्त कापायच्या रेषा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा पुसून टाका. नाहीतर लेझर तीच भोकं पुन्हा फिरवतो आणि कड वितळून फुगते.

कागद आणि छपाई

चकचकीत फोटो पेपर घेऊ नका. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग अ‍ॅक्रिलिकला जिथे चिकटतो तिथे ओल्या डागासारखे गडद पट्टे दिसतात आणि बटणं घट्ट केली की ते सरकतात. मॅट किंवा बारीक दाणा असलेला लस्टर कागद घ्या. टोनरची छपाई असेल तर मॅट लॅमिनेशन करून घ्या. दाबाखाली आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत टोनर अ‍ॅक्रिलिकला चिकटतो आणि पुढे चित्र बदलायला गेलात की निम्मं चित्र काचेवर राहतं. लॅमिनेशनमुळे पावसाळ्यात कागद दमट होऊन लाटाळण्याचा त्रासही कमी होतो.

शेवटची छपाई देण्याआधी घरच्या प्रिंटरवर ए४ चे दोन तुकडे १०० टक्क्यांवर काढा, जोडा, प्लायवर ठेवा आणि बटणं नुसती भोकांत टेकवून पाहा. यात अर्धा तास जातो.

अ‍ॅक्रिलिक

दोन्ही शीट लेझरनंच कापा. साध्या ड्रिलचं पातं अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरताना ते ओढून घेतं आणि भोकाच्या कडेला तडा जातो. हातानं करायचंच असेल तर स्टेप बिट (पायरीपायरीनं रुंद होणारं पातं), कमी वेग, खाली टाकाऊ लाकूड, आणि घाई नको. लेझरची रेघ स्वतःही थोडं साहित्य खाते, म्हणून एका तुकड्यावर २९.८, ३०.० आणि ३०.२ अशी तीन भोकं पाडून घ्या आणि बटण कशात सहज बसतं ते पाहूनच पुढचं सांगा.

कोपऱ्यातल्या स्क्रूसाठी एम४ ला ५ मिमीचं भोक ठेवा. २० अंशांच्या तापमानफरकात ४०० मिमीचं अ‍ॅक्रिलिक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबी बदलतं. घट्ट भोकात त्याला हलायला जागा नसते, मग भोकापासून कडेपर्यंत चीर पडते. दोष स्क्रू जास्त आवळल्याचा वाटतो आणि पुढच्या वेळी माणूस स्क्रू सैल ठेवतो, तरीही चीर पडतेच.

जोडणी

आधी जॉयस्टिक. तिचे चार बोल्ट प्लायच्या वरून चपट्या डोक्याचे घाला आणि डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली बुडवा. वर लाकडाची पुट्टी भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारून एकसपाट करा. डोकं केसभर वर राहिलं तरी कागदावर चार टेंगळं येतात आणि तिरप्या उजेडात तीच आधी दिसतात.

कागदाची भोकं पाडायला अ‍ॅक्रिलिकचाच साचा करा. कागद खाली, अ‍ॅक्रिलिक वर, चारही कोपऱ्यांच्या खुणा जुळवा, कडेला चिकटपट्टी लावा आणि नव्या पात्याच्या कटरनं भोकाच्या आतल्या कडेनं फिरवा. मग अ‍ॅक्रिलिक काढून ३१ मिमीच्या छापील वर्तुळापर्यंत सफाई करा. पातं दर चार भोकांनी मोडून नवं करा. बोथट पातं लॅमिनेशन ओरबाडतं.

दोन अ‍ॅक्रिलिक शीट एकमेकांवर नुसत्या ठेवल्या की इंद्रधनुषी कडी दिसतात, कारण दोन गुळगुळीत पृष्ठभागांमधली हवेची पापडी फार पातळ होते. उपाय कागदाचाच. कडेनं ५ मिमी रुंदीची ३०० जीएसएम (जाडसर) काळ्या कार्डाची चौकट घाला. बटणाभोवती दाब सर्वांत जास्त, म्हणून तिथे आतून ३०.५ आणि बाहेरून ३२.५ मिमी व्यासाच्या कागदी चकत्या ठेवा. बटणाची कड त्यांना पूर्ण झाकते. मिलिमीटरभर रुंदीच्या या चकत्या हातानं कापत बसू नका, कटिंग प्लॉटर दहा मिनिटांत देतो.

धूळ हा शेवटचा शत्रू. संरक्षक फिल्म सोलली की अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज येते आणि ते पंख्याखालची सगळी धूळ ओढून घेतं. पंखा बंद करा, ओलसर मायक्रोफायबरनं टेबल पुसा आणि फिल्म एका वेळी एकाच बाजूची काढा. आंघोळीनंतर वाफेनं धूळ खाली बसलेल्या न्हाणीघरात हे काम करणारे लोक वेडे नाहीत. प्रत्येक थर ठेवल्यावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहा. एक केस आत राहिला तर आत्ता उचलता येतो, बटणं आवळल्यावर सगळं उलगडावं लागतं.

थर जुळवायला दोन लांबच्या भोकांत दोन बटणं नुसती खुपसा, खुंट्यांसारखी. चारही कोपऱ्यांचे स्क्रू अर्धे लावा, मग उरलेली बटणं घाला, नट हातानं फिरवा, आणि शेवटी कोपरे कर्णाच्या क्रमानं आवळा. बटणांवर पाना लावू नका.

वापर सुरू झाल्यावर पुसायला फक्त साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर किंवा अल्कोहोलवाला काच-क्लीनर लेझरनं कापलेल्या कडेला लागला तर भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. कधी तिथल्या तिथे, कधी दोन दिवसांनी. तशी जाळी दिसली तर घासून जात नाही, ती शीट बदलावीच लागते. म्हणून डीएक्सएफ फाइल आणि लेझरवाल्याकडचं बसलेलं भोकाचं माप डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.